नाशिकमध्ये एलजीबीटीक्यू मुलांसाठी हेल्पलाइन काढावी का?

तुमचा प्रश्न थोडक्यात असा आहे. तुम्ही कॉलेज रोड, गंगापूर रोड भागात एकत्र शिकलेले मित्रमैत्रिणी. तुमच्यातला एक मित्र गेल्या वर्षी आत्महत्येत गेला. तो समलिंगी होता हे तुम्हाला ठाऊक होतं, त्याच्या घरी नव्हतं. आता त्याच्या नावाने निधी उभा करून नाशिकमध्ये एलजीबीटीक्यू (समलिंगी, उभयलिंगी, ट्रान्स वगैरे) तरुणांसाठी चोवीस तासांची हेल्पलाइन काढायची तुमची इच्छा आहे. पैसे कुठे लावावेत, सुरुवात कुठून करावी, असं तुम्ही विचारलंत.

मी नाशिकमध्येच समुपदेशनाचं काम करते, समोरासमोर आणि फोनवरही. माझं स्पष्ट मत आहे की नवी हेल्पलाइन काढू नका. निधी जरूर उभा करा, पण तो फोन ठेवल्यानंतरच्या आठवड्यांसाठी वापरा. आपल्याकडे खरी उणीव तिथे आहे.

हेल्पलाइन नको म्हणते त्यामागे साधा हिशोब आहे. एका खुर्चीवर आठवड्याचे 168 तास कुणीतरी बसलेलं हवं. माणशी 42 तास धरले तरी चार जण लागतात. रजा, आजारपण, दिवाळी धरली की पाच. त्यांच्यावर एक अनुभवी पर्यवेक्षक हवा, कारण पहाटे तीन वाजता एखाद्याच्या जिवाचा प्रश्न हाताळलेल्या माणसाला सकाळी त्याबद्दल बोलायला कुणी नसेल तर तो फार दिवस टिकत नाही. एवढं करून एकाच वेळी दोन फोन आले तर दुसरा वाजत राहणार. हिंमत गोळा करून केलेला फोन कुणी उचलला नाही, की तो मुलगा पुन्हा कुठेच फोन करत नाही. अर्धवट सेवेने नुकसान होतं ते असं.

आणि फोन उचलणारे आज आहेत. केंद्र सरकारची मानसिक आरोग्यासाठीची टेलि-मानस सेवा 10 ऑक्टोबर 2022 ला सुरू झाली. 14416 हा तिचा क्रमांक. फोनला पैसे पडत नाहीत, चोवीस तास चालते, मराठीत बोलता येतं. अठरा वर्षांखालच्यांसाठी 1098 आहे. जीव आत्ताच धोक्यात असेल तर 112 किंवा रुग्णवाहिकेसाठी 108. मुंबईत टाटा सामाजिक विज्ञान संस्थेची 'आयकॉल' ही फोनवरची समुपदेशन सेवा आहे, तिथले समुपदेशक लैंगिकतेच्या प्रश्नांना सरावलेले आहेत. एलजीबीटीक्यू लोकांसाठी 1994 पासून काम करणारा हमसफर ट्रस्टही मुंबईतच आहे. 14416 वर उचलणारी प्रत्येक व्यक्ती या विषयात तयार असेलच असं नाही. पण ते शिकवता येतं, आणि चालू यंत्रणेतल्या माणसांना शिकवणं हे नवी यंत्रणा उभारण्यापेक्षा कितीतरी स्वस्त पडतं.

अमेरिकेचं उदाहरण तुम्ही दिलंत. 1998 मध्ये सुरू झालेल्या, एलजीबीटीक्यू तरुणांसाठी हेल्पलाइन चालवणाऱ्या 'द ट्रेव्हर प्रोजेक्ट'ने या क्षेत्रात मोठं काम केलं, यात शंका नाही. पण तिथलीच पुढची गोष्टही बघा. 988 या आत्महत्या रोखण्यासाठीच्या राष्ट्रीय क्रमांकावर एलजीबीटीक्यू तरुणांसाठी वेगळा पर्याय होता, त्यावर 13 लाखांहून जास्त संपर्क झाले होते. सरकारने पैसा थांबवला आणि 17 जुलै 2025 ला तो पर्याय बंद झाला. एकाच थैलीवर उभी असलेली सेवा अशी एका आदेशात जाते. तुमचा निधी छोटा असेल, पण दरमहा येणारा असेल, तर तो एका वर्षी मोठी रक्कम आणून पुढच्या वर्षी आटणाऱ्या देणगीपेक्षा जास्त उपयोगाचा.

आता फोननंतरच्या दिवसांबद्दल. जागतिक आरोग्य संघटनेने पाच देशांत एक अभ्यास केला होता, त्यात आपलं चेन्नई होतं. निष्कर्ष 2008 मध्ये प्रसिद्ध झाले. आत्महत्येचा प्रयत्न करून रुग्णालयात आलेल्या 1,867 लोकांपैकी निम्म्यांना नेहमीचे उपचार दिले. उरलेल्यांशी त्याशिवाय तासभर नीट बोलणं केलं आणि पुढच्या 18 महिन्यांत नऊ वेळा संपर्क साधला, फोनने किंवा घरी जाऊन. पहिल्या, दुसऱ्या, चौथ्या, सातव्या, अकराव्या आठवड्यात, मग चौथ्या, सहाव्या, बाराव्या, अठराव्या महिन्यात. नेहमीचे उपचार मिळालेल्यांपैकी 2.2 टक्के लोक त्या काळात आत्महत्येने गेले. संपर्कात ठेवलेल्यांपैकी 0.2 टक्के. यात कुठलं महागडं औषध नाही, यंत्र नाही. ठरलेल्या दिवशी कुणीतरी 'कसा आहेस' असं विचारलं, एवढंच. त्यासाठी चोवीस तासांची खुर्ची लागत नाही. दोन अर्धवेळ समुपदेशक, एक पर्यवेक्षक आणि नीट ठेवलेली नोंदवही लागते. नाशिकसारख्या शहराला हे सहज पेलण्यासारखं आहे.

एलजीबीटीक्यू मुलांच्या बाबतीत मात्र हा 'कसा आहेस'चा फोनच धोक्याचा ठरू शकतो. फोन आई उचलते, भाऊ तपासतो, क्रमांकावर उलट फोन करून 'तुम्ही कोण' विचारतो. म्हणून पहिल्याच भेटीत हे ठरवावं लागतं. ओळख पटू नये एवढे तपशील बदलून सांगते: निफाड तालुक्यातल्या एका मुलाने आमचा नंबर 'ठिबक सर्व्हिस' म्हणून ठेवला होता. बुधवारी संध्याकाळी साडेसहाला, तो बागेत पाणी सोडायला जाई तेव्हा, आमची फक्त एक रिंग जायची. त्याला जमेल तेव्हा तो उलट फोन करायचा. दुसऱ्या कुणी उचललाच तर 'चुकून लागला' म्हणून ठेवायचं. मेसेज अजिबात नाही. त्याने दोन बुधवार फोन केला नाही तर कुणाला कळवायचं, तेही त्यानेच सांगितलं होतं: चांदवडला दिलेल्या मावसबहिणीला. हे सगळं एका कागदावर, त्याच्या समोर लिहिलेलं. तुम्ही ज्या संस्थेला पैसे द्याल तिच्याकडे असा कागद असतो का, हे पहिलं विचारा.

फोनवर आम्ही नेमकं काय करतो, तेही सांगते, म्हणजे तुमच्या पैशातून काय विकत घेताय ते कळेल. सरळ विचारतो: "जीव संपवायचा विचार येतो का? आज येतोय का?" असं विचारल्याने विचार डोक्यात घुसतो हा समज खोटा आहे, उलट विचारल्यावर बऱ्याच जणांचा श्वास मोकळा होतो. रात्रीच्या फोनवर मुलगी कुजबुजतही नसते, कारण एका खोलीत पाच जण झोपलेले असतात. मग आम्ही हो-नाहीचे प्रश्न विचारतो आणि ती 'हं' किंवा 'अंहं' म्हणते. कधी फक्त फोनच्या काचेवर नख वाजवते. एकदा म्हणजे हो, दोनदा म्हणजे नाही. अर्ध्या तासात तिच्यासोबत एक सुरक्षा-आराखडा होतो. वाईट वेळ येतेय हे तिला कशावरून कळतं, त्या वेळी एकटीने काय करता येतं, कुणाजवळ जाऊन बसता येतं (कारण न सांगता का होईना), कुणाला खरं सांगता येतं, रात्री कुठल्या क्रमांकावर फोन करायचा, आणि घरातली घातक वस्तू हाताशी येऊ नये म्हणून काय करायचं. बार्बरा स्टॅनली आणि ग्रेगरी ब्राउन या अमेरिकी मानसशास्त्रज्ञांनी बसवलेली ही पद्धत आहे. 2018 मध्ये प्रसिद्ध झालेल्या अमेरिकी अभ्यासात, असा आराखडा करून पुढे फोनने विचारपूस केलेल्यांत पुढच्या सहा महिन्यांत आत्मघाताचे प्रकार 45 टक्क्यांनी कमी दिसले.

घातक वस्तूंच्या या शेवटच्या मुद्द्यावर जरा थांबते, कारण आपला जिल्हा द्राक्षाचा. दिंडोरी, निफाडकडच्या घरांत फवारणीची औषधं पडवीत, जिन्याखाली ठेवलेली असतात. तीव्र इच्छेची लाट बहुतेकदा थोड्या वेळाची असते. त्या वेळात हाताशी काही नसलं तर माणूस वाचतो, आणि वाचलेल्यांपैकी बहुतेक जण पुढे आत्महत्येने जात नाहीत. म्हणून धोका माहीत झालेल्या घरात औषधं शेतावरच्या कुलपात आणि किल्ली दुसऱ्या मोठ्या माणसाकडे, हे आम्ही आग्रहाने करून घेतो. 'घरात लहान मुलं येतात' एवढं कारण पुरतं. पण कुणी तुम्हाला गावोगाव कुलपाच्या पेट्या वाटायला सांगितलं तर पैसे देऊ नका. श्रीलंकेत अशा पेट्या वाटून फार मोठी चाचणी झाली होती, 2017 च्या निष्कर्षांत त्याने घट दिसली नाही. तिथे आत्महत्या खरोखर कमी झाल्या त्या सर्वांत विषारी कीटकनाशकांवर सरकारने टप्प्याटप्प्याने बंदी घातल्यावर.

आता घर. ट्रेव्हर प्रोजेक्टच्या 2019 च्या पाहणीत, आयुष्यात एक तरी स्वीकारणारं मोठं माणूस असलेल्या मुलांनी मागच्या वर्षात आत्महत्येचा प्रयत्न केल्याचं प्रमाण 40 टक्क्यांनी कमी होतं. आकडा तिथला आहे, पण इथे रोज हेच दिसतं. आणि ते माणूस बहुधा आई-वडील नसतात. मावशी असते, वहिनी असते, आत्याचा मोठा मुलगा असतो, कबड्डीचे सर असतात. एक माणूस पुरतो. म्हणून मुलाला 'घरी सांगून टाक' असा सल्ला कधीही देऊ नका. कुणाला, केव्हा सांगायचं हे त्याचं त्यानेच ठरवायचं. आर्थिकदृष्ट्या घरावर अवलंबून असलेल्या मुलाने रागाच्या भरात सांगितलं आणि त्याच रात्री त्याचा फोन, शिक्षण, घर सगळं गेलं, असं आम्ही पाहतो.

आई-वडील येतात तेव्हा पहिला प्रश्न ठरलेला असतो: "मॅडम, लग्न लावून दिलं की सुधारेल ना?" नाही सुधारणार, कारण बिघडलेलं काही नाही, आणि एका मुलीचं आयुष्य विनाकारण पणाला लागेल. दुसरा प्रश्न उपायांचा. आपल्या शेजारी त्र्यंबकेश्वर आहे, लांबलांबून लोक शांतीसाठी येतात. पूजा करून आईला चार रात्री झोप लागत असेल तर माझी काहीच हरकत नाही. पण पूजेनंतर मुलगा 'बदलला पाहिजे' अशी अट त्याच्या डोक्यावर बसली, की तिथून पुढचे दिवस फार जपायचे असतात. डॉक्टरांचंही तसंच. जागतिक आरोग्य संघटनेने 17 मे 1990 ला समलैंगिकतेला आजारांच्या यादीतून काढलं. 2022 मध्ये राष्ट्रीय वैद्यकीय आयोगाने 'बदलण्याचे उपचार' हे डॉक्टरांचं व्यावसायिक गैरवर्तन ठरवलं. कुणी गोळ्या-इंजेक्शनांनी बदलून देतो म्हणालं तर तक्रार करता येते, हे पालकांना कागद दाखवून सांगितलं की बरेच जण ऐकतात. वाईट पालक मला क्वचितच भेटतात. घाबरलेले मात्र रोज भेटतात. पालकांशी पालकच चांगलं बोलू शकतात, म्हणून 'स्वीकार' या पालकांच्या गटासारख्या लोकांना नाशिकला बोलावून महिन्यातून एक बैठक घ्या. दुपारचा चहा, वीस खुर्च्या, बाहेर बॅनर नाही.

बाकीचा पैसा प्रशिक्षणाला. सर्वोच्च न्यायालयाने 25 जुलै 2025 ला शैक्षणिक संस्थांसाठी मार्गदर्शक सूचना दिल्या आहेत: शंभर किंवा जास्त विद्यार्थी असतील तिथे प्रशिक्षित समुपदेशक, टेलि-मानसचे क्रमांक वर्गात आणि वसतिगृहात ठळकपणे, सगळ्या कर्मचाऱ्यांना वर्षातून किमान दोनदा प्रशिक्षण. त्यात एलजीबीटीक्यू विद्यार्थ्यांचा उल्लेख आहे, आणि कोचिंग क्लासही यात येतात. म्हणजे प्राचार्यांच्या केबिनमध्ये तुम्ही 'मदत करा' म्हणत जाऊ नका, 'हे तुम्हाला करायचंच आहे, आम्ही प्रशिक्षक आणून देतो' असं म्हणत जा. फक्त प्राध्यापकांना बसवू नका. वसतिगृहाच्या रेक्टर, मेसच्या मावशी, क्लासच्या रिसेप्शनवरची मुलगी, जिमचा ट्रेनर, यांना आधी बसवा. मुलगा जेवायला येईनासा झाला हे मेसवाल्या मावशींना सगळ्यांत आधी कळतं. दोन तासांत त्यांना तीन गोष्टी आल्या तरी पुष्कळ झालं: सरळ विचारणं, एकटं न सोडणं, आणि मुलाने सांगितलेली ओळख पुढे कुणालाही न सांगणं. ट्रान्स मुलांसाठी आणखी एक: हजेरीत त्याला हवं ते नाव घेणं. याला खर्च येत नाही आणि फरक लगेच दिसतो.

संकटं कशातून उभी राहतात, तेही तुमच्या प्रशिक्षकांना माहीत हवं. हल्ली पुष्कळदा सुरुवात ब्लॅकमेलने होते. डेटिंग ॲपवर ओळख होते, भेटायला बोलावतात, फोटो काढतात, मग 'घरी पाठवू' म्हणून पैसे मागतात. मुलगा मित्रांकडून उसने घेतो, आईचं सोनं ठेवतो, आणि रस्ता संपला असं वाटून आम्हाला फोन करतो. त्याला दोन गोष्टी ताबडतोब सांगायच्या. सर्वोच्च न्यायालयाच्या 6 सप्टेंबर 2018 च्या निकालानंतर दोन प्रौढांचे संमतीचे संबंध हा गुन्हा नाही. गुन्हा खंडणी मागणाऱ्याचा आहे. आणि पैसे दिल्याने मागणी थांबत नाही. ऑनलाइन पैसे गेले असतील तर सायबर फसवणुकीच्या तक्रारीचा 1930 हा क्रमांक, आणि पोलीस ठाण्यात सोबत जाणारा एक वकील. असा वकील आधीच बोलून ठेवणं हाही तुमच्या निधीचा चांगला उपयोग.

प्रयत्न झालाच तर 'पोलीस केस होईल' म्हणून घरचे रुग्णालयात न्यायला कचरतात आणि त्यात मोलाचा वेळ जातो. मानसिक आरोग्य सेवा कायदा 2017 च्या कलम 115 नुसार असा माणूस तीव्र तणावाखाली होता असंच मानायचं असतं, त्याला शिक्षा नाही. सिव्हिलला एमएलसीची (पोलिसांना कळवायच्या केसची) नोंद होईल, पोलीस जबाब घेतील, त्याला घाबरायचं कारण नाही. मात्र जबाबाच्या वेळी नातेवाईक बाहेर थांबावेत ही विनंती कुणीतरी करावी लागते, नाहीतर वॉर्डातच मुलाचं सगळं उघड होतं. सोबत जाणाऱ्या माणसाचं हेच मुख्य काम.

तुमच्या मित्राच्या नावाबद्दल मला जड मनाने लिहावं लागतंय. त्याच्या नावाने 'एलजीबीटीक्यू निधी' काढलात, की त्याच्या आईला जी गोष्ट त्याने सांगितली नव्हती ती पोस्टरवरून कळेल. तो ठरवायला आता नाही, म्हणून त्याचा नकारच धरून चालावं. निधीला गोदावरीचं नाव द्या, तुमच्या कट्ट्याचं द्या, काहीही द्या. त्याला मनात ठेवून काम करा, ते कुणी अडवत नाही. कार्यक्रमात किंवा समाजमाध्यमांवर तो कसा गेला, चिठ्ठीत काय होतं, हे कधीही सांगू नका. ऐकणाऱ्यांत कुणीतरी त्याच अवस्थेत बसलेला असतो. 'आता तो सुटला' असं तर मुळीच नको.

पैशाच्या बाबतीत: स्वतःचा ट्रस्ट नोंदवू नका. प्राप्तिकर सवलतीची नोंदणी (12अ, 80ग) असलेल्या चालू संस्थेला या कामापुरता वेगळा हिशोब ठेवायला सांगा. सातपूर, अंबड, सिन्नरच्या मोठ्या कारखान्यांकडे सीएसआरसाठी, म्हणजे त्यांच्या सामाजिक कामाच्या निधीसाठी, जाता येईल. विषय 'युवकांचं मानसिक आरोग्य' असा मांडलात तर दार लवकर उघडतं. आकडे मात्र सांभाळून वापरा. राष्ट्रीय गुन्हे नोंद विभागाच्या अहवालात 2022 साली देशात 1,70,924 आत्महत्या आहेत, महाराष्ट्रात 22,746, म्हणजे सगळ्या राज्यांत जास्त. त्यात ट्रान्सजेंडर असा रकाना आहे, पण लैंगिक कल नोंदवला जात नाही. त्यामुळे 'नाशिकमधल्या आत्महत्यांत इतके टक्के समलिंगी तरुण' असा तक्ता कुणी दाखवला तर तो वापरू नका. संस्थेला विचारायचे प्रश्न सांगते: समुपदेशकांवर पर्यवेक्षण कोण करतं? मूल अठराच्या आतलं असेल आणि लैंगिक अत्याचार समोर आला तर पोक्सो या बाल लैंगिक अत्याचारविरोधी कायद्याखाली कळवावं लागतं, हे त्याला आधी सांगितलं जातं का? नोंदी कुठे ठेवता, कोण वाचू शकतं? या प्रश्नांना अडखळत का होईना खरी उत्तरं देणारी संस्था निवडा.

राहता राहिले तुम्ही. जवळच्या माणसाला असं गमावलेल्यांना स्वतःलाही धोका वाढलेला असतो, आणि तुमच्या पत्रात 'आम्हाला कळायला हवं होतं' हे वाक्य तीनदा आलंय. पहिलं वर्षभर तुमच्यापैकी कुणीही फोनवर किंवा मुलांच्या समोर बसू नये. हिशोब, खोल्या ठरवणं, प्राचार्यांना भेटणं, वकील शोधणं, ही कामं घ्या. ती कुणालातरी करावीच लागतात. आणि निधीच्या पहिल्या बैठकीच्या आधी, तुम्ही सगळे मिळून एखाद्या समुपदेशकासमोर दोन-चार वेळा बसा. नाशिकमध्ये सोय झाली नाही तर 14416 वर मित्र गेल्याबद्दलही बोलता येतं, त्यासाठी स्वतः संकटात असावं लागत नाही.